झोपू दे त्याला

गुरुवार, रात्री साडेदहा

भाजी घेऊन येताना जिन्यात खालच्या काकू भेटल्या. नातू महिनाभरानं व्यसनमुक्ती केंद्रातून घरी आलाय. "वजन वाढलंय, जेवतो नीट," तोंड भरून सांगत होत्या. वर येऊन मेथी निवडायला बसले आणि काड्या पातेल्यात, पानं कचऱ्यात टाकत राहिले.

दादाचंही वजन वाढलं होतं. 1989 साल. पुण्यात गर्दनं, म्हणजे ब्राउन शुगरनं, पोरं पोखरली होती. मुक्तांगण हे व्यसनमुक्ती केंद्र 1986 पासून सुरू होतं, पण तेव्हा ते येरवड्याच्या मनोरुग्णालयाच्या आवारात. बाबांना तो पत्ता लोकांना सांगायला नको होता. म्हणून दुसरीकडे, गावाबाहेर ठेवला.

पितळी भांडी गेली, आईच्या पाटल्या गेल्या, एकदा तर भरलेला सिलिंडर. टर्कीत, म्हणजे गर्द न मिळाल्यावर, तडफडताना त्याला बघायची सवय झाली होती, भीती तिचीच वाटायची. बरा होऊन आल्यावर जास्त घाबरायचं असतं, हे कुणी सांगितलंच नाही. महिनाभर न घेतल्यानं शरीराची सवय मोडते, डोक्यात मात्र जुनीच मात्रा असते. तेवढी घेतली की श्वास मंदावत जातो.

त्या रात्री तो घोरत होता. विचित्र, घशात पाणी अडकल्यासारखं. आई म्हणाली, "झोपू दे त्याला, किती दिवसांनी गाढ झोप लागलीय." चादर मीच घातली. पहाटे ओठ निळे.

लोकांना सांगितलं, हार्ट अटॅक. तेवीस वर्षांच्या पोराला! वाड्यात सगळ्यांना खरं ठाऊक होतं, सगळ्यांनी माना डोलावल्या. वर्षाच्या आत मागच्या बोळातला त्याचा मित्र गेला. त्याच्याही आईनं अटॅकच सांगितला. तिच्याकडेही तो घोरत होता का, हे विचारायची सोयच आम्ही ठेवली नव्हती.

आईनं शेवटपर्यंत डॉक्टरांनाही तेच सांगितलं. माझ्या फाइलवर अजून लिहिलेलं आहे, भाऊ हृदयविकारानं गेला. परवाच त्यापायी माझा ईसीजी काढला. मी मुकाट झोपले टेबलावर.

संध्याकाळी खाली गेले.

"अगं, पण तुझ्या भावाला तर अटॅक..."

"नाही, काकू."

सगळं सांगितलं. असं घोरायला लागला आणि हलवूनही उठला नाही तर झोपू द्यायचं नाही, लगेच 108 ला फोन करायचा, काय घेतलं असेल ते लपवायचं नाही. नॅलोक्सोन नावाचं इंजेक्शन असतं, वेळेवर मिळालं तर श्वास परत येतो.

मला वाटलं रागावतील, शुभ बोल म्हणतील. त्या आत गेल्या, लाइटबिल आणि पेन घेऊन आल्या.

"इंजेक्शनचं नाव लिही. मोठ्या अक्षरात, मला चष्म्याशिवाय दिसत नाही."