श्रावणातला कागद

गुरुवार, रात्री

या दिवसांत कागद वाळता वाळत नाही. वैशाखात जलरंगाचा पहिला वॉश, म्हणजे पातळ थर, देऊन दुसरा रंग कालवेपर्यंत कागद कोरडा ठणठणीत, कडा लगेच धरतात. आता हवेतच इतकी ओल, की आभाळाचा निळा बराच वेळाने लावलेल्या कौलांच्या तांबड्यातही शिरतो. कागदावरची चकाकी गेलेली असते पण आत ओल असते, तेव्हाच दुसरा रंग सोडायचा. ती वेळ फार थोडी असते, आणि आठवडाभर ब्रश धरला नाही की हमखास हुकते.

म्हणून सकाळचा एक तास ठरलेला. सुचो न सुचो. चित्र लागलं नाही तर नुसत्या पट्ट्या काढायच्या, एकट्या इंडिगोच्या, म्हणजे निळीच्या रंगाच्या, गडदपासून फिकटपर्यंत. त्या कुणी भिंतीवर लावणार नाही. मला मात्र त्या फार प्रिय आहेत.

आज स्केचिंगला पुण्यातल्या कसबा पेठेतल्या तांबट आळीत गेले होते. पेशवाईपासून इथे तांब्याची भांडी घडतात. बंब घेणारे आता कमी झाले, ठोके मात्र अजून ऐकू येतात. एक काका घंगाळावर मठारकाम, म्हणजे हातोडीने ठोके देण्याचं काम, करत होते. डाव्या हाताने भांडं जरासं फिरवायचं, उजव्याने ठोका. प्रत्येक ठोक्याची लखलखीत टिकली आधीच्या टिकलीला अगदी खेटून. दिसायला नक्षी, पण त्या ठोक्यांनीच तांबं कडक होतं आणि भांडं सहजी चेपत नाही. घडवताना पत्रा फारच कडक झाला तर तो तापवून पुन्हा मऊ करावा लागतो.

"काका, कंटाळा येत नाही?" मी विचारलं.

"येतो की. पण ठोका हलका पडला तर ओळीत लगेच दिसतो."

हात न थांबवता बोलले. स्फूर्तीबद्दल आपण कलाकार मंडळी तासन्‌तास बोलतो. कंटाळा आलेला असताना हात कसा चालू ठेवायचा, याबद्दल फारसं कुणी बोलत नाही. मला तर खरी कला तिथेच दिसते. चांगल्या दिवशी कुणाचंही चित्र बरं होतं.

स्केचमध्ये उजवा हात उतरलाय, हातोडीचं वजनही जाणवतंय. भांडं फिरवणारा डावा हात मात्र अजून लाकडी आहे. उद्याचा तास त्या हाताचा. रंग नाही, नुसती पेन्सिल, आणि सुरुवात मनगटापासून.