१९४४ चं 'टी' कर्ज : एक अर्ज कागदावर पूर्ण करून पाहिला तेव्हा

युद्धाची कंत्राटं रद्द झाली की कारखानदाराचा पैसा अर्धवट मालात अडकून पडतो. त्यावर अमेरिकेने १ जुलै १९४४ रोजी 'कॉन्ट्रॅक्ट सेटलमेंट अ‍ॅक्ट' केला. त्याखालचं 'टी' कर्ज, म्हणजे रद्द झालेल्या कंत्राटाच्या येण्यावर मिळणारं कर्ज, नेमकं कसं उभं राहायचं हे समजावं म्हणून मी लष्कराला थेट माल देणारा एक कल्पित कारखाना धरला आणि त्याचा हिशेब मांडत गेलो.

कर्ज सरकार देत नसे, कारखान्याची नेहमीचीच बँक देई. त्याची हमी लिहून देई त्या विभागातली फेडरल रिझर्व्ह बँक (अमेरिकेच्या मध्यवर्ती बँकव्यवस्थेची विभागीय बँक), लष्कर, नौदल किंवा जहाजांचं काम पाहणाऱ्या मेरिटाइम कमिशनच्या वतीने. ही वाट मार्च १९४२ मध्ये राष्ट्राध्यक्षांच्या कार्यकारी आदेश ९११२ ने 'व्ही' कर्जांसाठी, म्हणजे युद्धोत्पादनाच्या कर्जांसाठी, पाडली होती.

खरा वेळ गेला तो सरकारकडे करायच्या दाव्यातल्या मालाच्या यादीत. तयार आणि पसंत झालेला माल कंत्राटाच्या भावाने धरायचा. अर्धवट मालात गेलेलं सामान, मजुरी आणि कारखान्याचा वरखर्च मात्र लागतीने. अंतरिम, म्हणजे शेवटचा हिशेब होण्याआधी मिळणाऱ्या, रकमेसाठी कायद्याने पहिल्याला १०० टक्के, दुसऱ्याला ९० टक्के ठरवले होते. माझ्या उदाहरणात तयार माल २०,००० डॉलरचा आणि अर्धवट कामाची लागत ५०,०००. म्हणजे २०,००० अधिक ४५,०००, एकूण ६५,०००.

पहिल्या खेपेला माझा आकडा फुगला, कारण तयार नगांची लागत अर्धवट कामाच्या खात्यातून वजा करायची राहिली होती. तीच रक्कम दोनदा मागितली गेली. दुसऱ्या कामात खपेल असं पोलादही यादीत नको. न बनलेल्या मालावरचा नफा मिळतच नाही. कंत्राट रद्द झाल्याची नोटीस आल्यावर पुरवठादारांच्या ऑर्डरी लगेच थांबवल्या नाहीत, तर नंतरचा खर्च मालकाच्या अंगावर पडतो. हे मला सगळ्यात महागात पडणारं कलम वाटतं.

मग कर्जासाठी हा दावा बँकेच्या नावे करायचा. १९४० च्या कायद्यानुसार तो वित्तसंस्थेलाच देता येतो, आणि त्याची लेखी सूचना प्रतीसह सरकारी हिशेब तपासणारं जनरल अकाउंटिंग ऑफिस, कंत्राट अधिकारी, जामीनदार असल्यास तो, आणि पैसे अदा करणारा अधिकारी, अशा चौघांना तेव्हा जायला हवी होती. एकही सुटला तर हस्तांतर कच्चं राही. यानंतर सरकारकडून येणारा पैसा आधी कर्ज फेडतो.

व्याजाचाही हिशेब आधीच करून ठेवावा. थकलेल्या दाव्यावर सरकार वर्षाला अडीच टक्के देई, तेही कंत्राट रद्द झाल्याच्या तारखेपासून ३० दिवसांनी सुरू होई. मी बँकेचा दर ४ टक्के धरला. ६०,००० डॉलर सहा महिने अडकले तर बँकेला १,२०० जातात, सरकारकडून ६२५ येतात. उरलेले ५७५ कारखान्याच्याच गल्ल्यातून.