मोकळं मशीन बघवत नाही म्हणून

उद्यमनगरात आमचं छोटं टर्निंगचं, म्हणजे धातू फिरवून कातायचं शॉप आहे, एक सीएनसी (कॉम्प्युटरवर चालणारं मशीन) आणि एक आप्पांच्या काळातला लेथ. साधा बुश (धातूची छोटी नळी) सीएनसीवर १० मिनिटांत निघतो, लेथवर त्यालाच ४० लागतात. तरी लेथ मोकळा दिसला की मला राहवायचं नाही, बुशचा ट्रे आला की लगेच लेथ चालवणाऱ्या मामांच्या हातात द्यायचो.

मग एकदा मोठी पुली आली, जी सीएनसीच्या चकात (जॉब पकडायच्या जबड्यात) बसतच नाही, आणि लेथवर माझे बुश चाललेले. गिऱ्हाईक दारात उभं. मामा म्हणाले, "मशीन मोकळं बघून तुझ्या पोटात दुखतंय होय?"

कॉलेजात क्यूइंग थिअरी, म्हणजे रांगांचं गणित शिकलो होतो (एरलांगनं १९०९ मध्ये कोपनहेगनच्या टेलिफोन कंपनीसाठी सुरू केलेली, एवढंच डोक्यात राहिलं होतं), तर रात्री बसून पुन्हा वाचलं आणि बघतो तर हाच प्रश्न, काम उरकणारे दोन सर्व्हर, एक फास्ट एक स्लो. १९८४ मध्ये लिन आणि कुमार या संशोधकांनी सिद्ध केलंय की फास्ट मशीन कधी रिकामं ठेवायचं नाही, पण स्लोला काम द्यायचं ते रांग ठराविक आकड्याच्या वर गेली तरच.

आमचंच बघा ना. सीएनसी चालू आहे आणि मागं एकच बुश थांबलाय, तर त्यानं १० मिनिटं थांबून पुढच्या १० मिनिटांत निघावं, २० झाली, लेथवर टाकला असता तर ४०. रांगेत तिसरा असेल तर दोन्हीकडं ४०च, चौथ्याला सीएनसीची वाट बघणं ५० मिनिटांना पडतं. म्हणून मी रॅकवर चौथ्या बुशापाशी खडूची रेघ मारली, तिथपर्यंत साठले की लेथ चालू. पुली येणार असेल त्या दिवशी मात्र रेघ विसरायची, लेथ पुलीचाच.

दोन दिवसांनी बघतो तर मामांनी माझी रेघ पुसून तिसऱ्यावर आणलेली. म्हटलं मामा, तिसऱ्याला इकडं काय तिकडं काय, सारखंच की. "त्याला सारखंच रे, पण त्याच्या मागून येतंय त्याचं काय?"

मी फक्त रांगेतल्याचंच गणित केलं होतं, अजून न आलेल्याचं नाही. रेघ तिसऱ्यावरच आहे.