काकांचा डबा

आज दुपारभर पुण्याच्या कॅम्पात फिरलो. काकांना पाइपचा तंबाखू हवा होता, व्हर्जिनिया आणि लटाकिया या दोन जातींचं मिश्रण. लटाकिया म्हणजे लाकडाच्या धुरावर वाळवलेलं सायप्रसचं पान. डबा उघडला की चुलीपाशी बसल्यासारखा वास येतो. माझं लहानपण त्याच वासात गेलं.

एम. जी. रोडच्या मागच्या गल्लीतल्या दुकानदाराने काउंटरखालून रिकामा डबा काढून दाखवला. "शेवटचा होता, कधीच गेला." मग कारणही समजावलं. २००३ च्या तंबाखूविषयक कायद्याने आयात मालावरही आपल्या सरकारचा आरोग्याचा इशारा हवाच, आणि २०१६ पासून तो पाकिटाच्या दर्शनी बाजूंच्या ८५ टक्के भागावर, चित्रासह. सिगारेटच्या लाखो पाकिटांना हे परवडतं. वर्षाला मोजके डबे खपणाऱ्या मिश्रणासाठी वेगळं वेष्टन कोण छापणार? वर कर आहेतच. अमेरिकेतही २०१६ पासून पाइपचा तंबाखू एफडीएच्या, म्हणजे तिथल्या अन्न-औषध प्रशासनाच्या, कक्षेत आला. १५ फेब्रुवारी २००७ नंतर बाजारात आलेल्या मिश्रणांना परवानगी लागते, आणि तो खर्च मिश्रणं बनवणाऱ्या छोट्या कंपन्यांना जड जातो.

इशाऱ्याला माझा विरोध नाही. आमच्याच घरात तोंडाचा कॅन्सर पाहिलाय. पण गुटख्यावर राज्यात २०१२ पासून बंदी असून पुड्या रस्त्यावर दिसतात, आणि नियम पाळणाऱ्याचंच कपाट रिकामं होतं, याचं मला मनापासून वाईट वाटतं.

संध्याकाळी काकांना सांगितलं. त्यांनी पाइप फडक्याने पुसला, क्षणभर नाकाशी धरला आणि खणात ठेवला.

"चहा टाक रे," म्हणाले.