आधी कळस

चैत्र संपत आला की वहिनींच्या घरी कांदा-लसूण मसाल्याची धांदल सुरू होते. अंगणात जुन्या साडीवर पसरलेल्या मिरच्या, ओसरीवर चिरलेल्या कांद्याचे वाळवण आणि स्वयंपाकघरातून येणारा भाजक्या खोबऱ्याचा वास, एवढा पसारा मांडला गेला की माझ्यासारख्या माणसाला एका कोपऱ्यात बसून ठसकत राहण्याखेरीज काम उरत नाही. यंदा मात्र काम मिळाले. वहिनी तीन वर्षांपासून मसाला विकतात, पुतणीने त्यासाठी इन्स्टाग्रामवर पान काढले आहे, आणि त्या पानासाठी रील करायची म्हणून भर दुपारी मला स्टुलावर चढवून तिचा मोबाइल माझ्या हाती देण्यात आला.

पहिली चूक लगेच झाली. मी मोबाइल आडवा धरला. ज्याने जन्मभर लग्नांचे आणि सहलींचे फोटो कॅमेरा आडवा धरून काढले, त्याचा हात दुसरीकडे कसा वळणार? "काका, उभा धरा," पुतणी म्हणाली, "आडवं आता कुणी बघत नाही." उभा धरला तेव्हा मिरच्यांचे वाळवण दोन्ही बाजूंनी कापले गेले आणि वहिनी, त्यांच्या हातातली परात व वरचा पंखा एवढेच चौकटीत उरले.

दुसरी चूक क्रमाची होती. माझी समजूत अशी की मिरच्यांची देठे खुडण्यापासून आरंभ करायचा, मग कांदा तळायचा, लसूण, धणे, तीळ, खोबरे, दगडफूल असे एकेक दाखवीत मसाला कुटायच्या डंकापर्यंत जायचे आणि शेवटी बरणी. पुतणीने सर्वांत आधी रश्श्याचे पातेले मागवले. वर चढलेली लालभडक तर्री, तिच्यात बुडणारी पळी आणि वाफ. "पहिल्या तीन सेकंदांत माणूस थांबला पाहिजे, नाहीतर अंगठा वर गेला की संपलं." यंदाचा मसाला अजून डंकावर गेलेलाच नव्हता. ती तर्री गेल्या वर्षीच्या बरणीतून उरलेल्या मसाल्याची होती. वहिनींनी माझ्याकडे पाहिले आणि म्हणाल्या, "भावजी, आधी कळस मग पाया." सर्व घेऊन झाल्यावर बरणीचे झाकण लावताना त्यांना एक वाक्य आवर्जून बोलायचे होते: मसाला कोरड्या चमच्याने घ्या, ओला हात लागला तर बुरशी धरते. पुतणीचे म्हणणे पडले की एवढ्यापर्यंत कोणी पाहत नाही, ते खाली लिहून टाकू. वहिनी तरीही बोलल्याच.

त्या तीन सेकंदांनी माझी दुपारची झोप घालवली, आणि झोप गेली की मला वडील आठवतात.

आम्ही साताऱ्यात राहत होतो. सत्तरच्या दशकाच्या अखेरीस महिन्या-दोन महिन्यांतून एखादा सिनेमा दाखवला जाई आणि वडिलांचा एक दंडक असे, की दिवे मालवण्याच्या आत सर्वांनी खुर्चीत असले पाहिजे. सिनेमा चुकेल म्हणून नव्हे, तर पडद्यावरच्या जाहिरातींच्या पाट्या चुकतील म्हणून. "पैसे पहिल्या पाटीपासूनचे दिलेत," असे ते म्हणत. काचेच्या त्या पाट्यांवर गावातला सराफ, चष्म्याचे दुकान, कंदी पेढे, लग्नाच्या सुटांसाठी प्रसिद्ध असलेला एक शिंपी अशी मंडळी रंगीत, हाताने काढलेल्या अक्षरांत येऊन जात. पाटी बदलताना ऑपरेटरच्या बोटांची प्रचंड सावली पडद्यावर उमटे. एखादी पाटी उलटी लागली की सगळे थिएटर ओरडून ती सुलट करून घेई, आणि त्या दिवशी त्या दुकानाची जितकी जाहिरात होई तितकी वर्षभरात होत नसावी. वडील प्रत्येक पाटी अर्धवट आवाजात वाचत, शुद्धलेखनाच्या चुकांवर 'च्' करीत, आणि त्यानंतर येणारा सरकारी फिल्म्स डिव्हिजनचा वार्तापटही, ज्यात एखादे धरण, एखादा पूर आणि एखादा मंत्री हटकून असे, तितक्याच गांभीर्याने पाहत. सिनेमा संपल्यावर लोक दाराकडे धावत असताना आम्ही बसून असू, कारण 'समाप्त' ही अक्षरे दिसल्याशिवाय वडील उठत नसत. आमचे अंगठे त्या काळात शेंगा फोडण्यात गुंतलेले असल्याने कोणतीही पाटी लवकर पुढे ढकलावी असे मनात येण्याची सोयच नव्हती.

आता माझा अंगठा मोबाइलवर व्हिडिओ सुरू होताच खालच्या उजव्या कोपऱ्यात दबा धरून बसतो. यूट्यूबने डिसेंबर २०१० मध्ये पाच सेकंदांनंतर वगळता येणारी जाहिरात आणली, तेव्हा त्यामागचा व्यवहार मला ठाऊक नव्हता. पुढे तो कळला आणि त्यातून मला एक खोड जडली. व्यवहार असा की अशी जाहिरात पाहणाऱ्याने तीस सेकंद पाहिली, किंवा ती त्याहून छोटी असेल तर पूर्ण पाहिली, किंवा तिच्यावर बोट ठेवले, तरच जाहिरातदाराच्या खात्यातून पैसे जातात. पाचव्या सेकंदाला वगळली तर त्याला काहीच भुर्दंड पडत नाही. तेव्हापासून सिमेंट, मोटारी, विमा अशा बलाढ्य कंपन्यांची जाहिरात लागली की मी मोबाइल उताणा ठेवून तीस सेकंद होईपर्यंत चहा ढवळत बसतो, कारण तेवढेच त्यांच्या खिशाला चिमटा काढल्याचे समाधान मिळते. आणि एखादा देवगडचा आंबेवाला किंवा इचलकरंजीचा कापडवाला आपल्याच चिरंजीवांकडून केलेल्या जाहिरातीत हात जोडून उभा राहिला, की त्याचे पुढे काय म्हणणे आहे ते ऐकण्याची इच्छा असूनही मी सहाव्या सेकंदाला त्याला वगळून टाकतो, बिचाऱ्याचे चार पैसे वाचावेत म्हणून. ज्याला गिऱ्हाईक हवे आहे त्याला आपण अशाने गिऱ्हाइकच मिळू देत नाही, हे पत्नीने दाखवून दिले. "एवढा हिशेब घरखर्चाचा ठेवला असतात तर," असेही ती म्हणाली.

जाहिरातवाले या सहाव्या सेकंदाला पुरते ओळखून आहेत. म्हणून दुकानाचे नाव, भाव आणि हसरा चेहरा पहिल्या पाचांतच कोंबला जातो; माणूस वगळून गेला तरी नाव फुकटात कानावर पडून जाते. लोक बस-गाडीत आवाज बंद ठेवून पाहतात, म्हणून बोललेला प्रत्येक शब्द पडद्यावर पिवळ्या अक्षरांत नाचतो. वडील असते तर त्यांनी त्या अक्षरांतल्या ऱ्हस्व-दीर्घांवरही 'च्' केले असते.

किती पाहिले म्हणजे पाहिले, हा प्रश्न मात्र मला अधिक रुचकर वाटतो. फेसबुकच्या हिशेबात तीन सेकंद व्हिडिओ चालला की एक दर्शन धरले जाई. २०१६ मध्ये त्या कंपनीला कबूल करावे लागले की लोक सरासरी किती वेळ व्हिडिओ पाहतात याचा जो आकडा ती जाहिरातदारांना देत होती तो फुगलेला होता, कारण तीन सेकंदांच्या आत निघून गेलेल्यांना सरासरी काढताना वगळले होते. परीक्षेतून पळून गेलेली मुले सोडून वर्गाची सरासरी काढणाऱ्या मास्तरांसारखाच हा प्रकार. जाहिरातदार चिडले, ते योग्यच झाले. मला मात्र हसू आले, कारण तीन सेकंदांचे दर्शन आपल्याकडे केव्हापासून पूर्ण धरले जाते. स्कूटरवरून मारुतीच्या देवळासमोरून जाताना डावा हात हँडलवर, उजवा क्षणभर छातीला, मान कळसाकडे वळून पुन्हा रस्त्यावर: देवाच्या खाती भेट जमा. (उजवा हात सोडला की वेग आपसूक कमी होतो, म्हणजे तेवढा तरी मान राखला जातो.) गाभाऱ्यापर्यंत कितीजण गेले याची सरासरी देवस्थानांनी अद्याप मागितलेली नाही.

यूट्यूबवर चढलेला पहिला व्हिडिओ मी त्याच दुपारी पुन्हा काढून पाहिला. २३ एप्रिल २००५ ची ती एकोणीस सेकंदांची फीत आहे. संस्थापकांपैकी एक, जावेद करीम, सॅन डिएगोच्या प्राणिसंग्रहालयात हत्तींसमोर उभा राहून सांगतो की या हत्तींची सोंड फार फार लांब आहे, आणि मग, सांगण्यासारखे साधारण एवढेच, असे म्हणून थांबतो. पहिल्या तीन सेकंदांत काहीही घडत नाही. विकायला काही नाही, आरंभी तर्री नाही, वारा आणि आजूबाजूचा कलकलाट यांतूनच त्याचा आवाज ऐकावा लागतो. पुढच्याच वर्षी गूगलने ही कंपनी १६५ कोटी डॉलरना घेतली, तेव्हा त्या सोंडेचा भाव कोणी वेगळा लावला नसेल. पण बोलणे संपले की संपले म्हणून सांगणारा माणूस त्यानंतर या माध्यमात मला फारसा भेटलेला नाही.

आमच्या कुटुंबाच्या व्हॉट्सअ‍ॅप गटावर तर शेवट ही चीज विनवणी करून विकली जाते. 'शेवटपर्यंत नक्की पाहा', 'शेवट चुकवू नका, डोळ्यांत पाणी येईल', अशा ओळींसह दररोज पाच-सात व्हिडिओ येतात; एकच व्हिडिओ सकाळी आत्याकडून, दुपारी मावसभावाकडून आणि रात्री पुन्हा आत्याकडून. अनेक वर्षे तेथे सोळा एमबीची मर्यादा असल्याने मोठा व्हिडिओ कापूनच पाठवावा लागे, आणि कापायचा म्हणजे शेपटाकडून, ही आमच्याकडची सर्वमान्य रीत. एकदा मी मावसभावाला विचारले, की त्या शेतकऱ्याच्या व्हिडिओत शेवटी नेमके काय होते? तो म्हणाला, "मी अजून नाही पाहिला रे. चांगला असेल म्हणून पाठवून ठेवला." मी हसलो, आणि तो प्रसंग पुढे कित्येकांना विनोद म्हणून सांगितला.

२०१८ च्या उन्हाळ्यात त्या गटावर एक फीत आली होती. गल्लीत मुले क्रिकेट खेळत आहेत, मोटारसायकलवरून दोघे येतात, त्यांतला एक जण लहान मुलाला उचलतो आणि गाडी निघून जाते. चित्र वरून घेतलेले, रस्त्यावरच्या पहाऱ्याच्या कॅमेऱ्याने टिपावे तसे. सोबत मुले पळवणारी टोळी आपल्या भागात आल्याचा इशारा आणि सर्वांना पाठवण्याची विनंती. ती जाहिरात होती. हरवलेल्या मुलांसाठी काम करणाऱ्या कराचीच्या रोशनी हेल्पलाइन या संस्थेने पालकांना सावध करण्यासाठी ती करवून घेतली होती, आणि मूळ फितीत ती गाडी वळून परत येते, मुलाला जागेवर उतरवले जाते आणि मागचा माणूस एक फलक उलगडून धरतो, की कराचीच्या रस्त्यावरून मूल पळवायला एक क्षण पुरतो. भारतात फिरली तिच्यात गाडी परत येत नव्हती. कोणीतरी शेवट कापला होता.

अशा फितींच्या आधाराने त्या महिन्यांत देशभर अफवा पसरल्या. १ जुलै २०१८ ला, रविवारी, धुळे जिल्ह्यातल्या साक्री तालुक्यात राईनपाडा गावी आठवडी बाजार होता. भिक्षा मागत आलेल्या, नाथपंथी डवरी गोसावी समाजाच्या पाच माणसांना मुले पळवणारे समजून जमावाने ठार मारले. त्यांतले बहुतेक जण सोलापूर जिल्ह्यातले होते. त्यांना ग्रामपंचायतीच्या खोलीत नेऊन मारण्यात आले, आणि मारतानाचेही चित्रण झाले, तेही गटागटांतून पाठवले गेले. दहाच दिवसांत व्हॉट्सअ‍ॅपने भारतातल्या वृत्तपत्रांत पानभर जाहिराती देऊन खोटा मजकूर कसा ओळखावा ते समजावून सांगितले. छापील कागदावर, जिथे पान उलटेपर्यंत जाहिरात तशीच समोर राहते. त्याच महिन्यात पुढे पाठवलेल्या संदेशावर तशी खूण येऊ लागली आणि भारतात एका वेळी पाचांहून अधिक ठिकाणी पाठवू न देण्याची घोषणा झाली.

ती फीत आमच्या गटावर कोणी टाकली होती ते मी शोधले नाही. मी ती तेव्हा पाहिली होती एवढे मला आठवते, आणि पुढे दोघा-तिघांना पाठवली होती, हेही.

संध्याकाळी पुतणीचा संदेश आला, रील तयार आहे, पाहा आणि सगळ्यांना पाठवा. छत्तीस सेकंदांची होती. तर्री, पळी, वाफ, मग मिरच्या, कांदा, खोबरे, सारे सुंदर आणि भरभर. मी ती शेवटपर्यंत पाहिली. शेवटी वहिनी बरणीचे झाकण फिरवतात, मान वर करून समोर पाहतात, त्यांचे ओठ कोरड्या चमच्याच्या वाक्यासाठी उघडतात आणि रील पुन्हा तर्रीपासून सुरू होते.