घरची एअर रायफल प्रॅक्टिस: वजनकाटा सगळ्यात शेवटी घ्या

परदेशातले रायफलवाले घरी काडतुसं भरतात. ते व्हिडिओ बघून आपल्याकडची मुलंही प्रेस (काडतूस भरायचं यंत्र) आणि वजनकाट्यांचे भाव विचारायला लागतात. आपल्याकडे 1959 च्या शस्त्र कायद्याप्रमाणे काडतूस तयार करायला परवाना लागतो, त्यामुळे तो नाद सोडा. घरी मनापासून हात घालावा असं काम आहे ते 10 मीटर एअर रायफलच्या पेलेटचं, म्हणजे तिच्या शिशाच्या बारक्या गोळीचं. 4.5 मिमी बोअरच्या (नळीच्या भोकाच्या) आणि 20 ज्यूलच्या आतल्या ऊर्जेने गोळी सोडणाऱ्या एअर रायफलला 2016 च्या शस्त्र नियमांप्रमाणे परवाना लागत नाही. मॅच रायफल, म्हणजे स्पर्धेची रायफल, तर 8 ज्यूलच्या आसपासच असते. सीरियल नंबर लिहिलेली पावती मात्र जपून ठेवा.

सामान घेताना हिशोब मिलिमीटरमध्ये करा. टार्गेटवरचा दहाचा ठिपका 0.5 मिमीचा आणि पेलेट 4.5 मिमीचं. म्हणजे पेलेटचा मध्य केंद्रापासून 2.5 मिमीच्या आत पडला की 10.0 गुण मिळतात, आणि तिथून आत प्रत्येक 0.1 गुणासाठी 0.25 मिमी. हा पाव मिलिमीटर डोक्यात ठेवूनच दुकानात जा.

बहुतेक जण पहिला वजनकाटा घेतात. मॅच पेलेट साधारण 0.53 ग्रॅमचं. त्यात 1 टक्का फरक, म्हणजे 0.005 ग्रॅम, पडला तर वेग अर्धा टक्का बदलतो. 172 मीटर प्रतिसेकंद वेगाने 10 मीटर जाताना पेलेट 17 मिमीच्या आसपास खाली येतं, म्हणून या फरकाने गोळी जेमतेम 0.17 मिमी वरखाली होते. 0.1 गुणसुद्धा नाही. तरीही घ्यायचाच असेल तर सराफ बाजारात सोनं तोलायला वापरतात तसला, 0.001 ग्रॅम दाखवणारा आणि काचेचं झाकण असलेला घ्या. 0.01 ग्रॅमचा काटा इथे कुचकामी आहे. तोलताना पंखा बंद ठेवा, काटा आधी 15-20 मिनिटं चालू ठेवा आणि सोबतच्या वजनाने तपासून घ्या.

खरा घात होतो वाकलेल्या स्कर्टने, म्हणजे पेलेटच्या मागच्या पोकळ भागाच्या कडेने. डबा जोरात आपटला किंवा खिशात खुळखुळत नेला की शिशाची ती पातळ कड चेपते. पेलेट पांढऱ्या कपड्यावर हलकेच ओता आणि दिव्याखाली बघा. स्कर्ट अंडाकृती झालंय का, चपट्या डोक्याच्या कडेला खाच आहे का, पोकळीत शिशाचा कण अडकलाय का? शंका आली तर आरशाच्या काचेवर घरंगळू द्या. चांगलं पेलेट गुळगुळीत वळण घेत जातं, चेपलेलं अडखळतं. अडखळणारी बाजूला काढून ठेवा, ट्रिगरच्या सरावाला चालतील.

त्यानंतर बॅच, म्हणजे कारखान्यात एकत्र बनलेला पेलेटचा लॉट. पेलेटच्या डोक्याचं माप 4.48 ते 4.52 मिमीपर्यंत मिळतं. कुठलं माप आपल्या बॅरलला मानवेल ते दुकानदार सांगू शकत नाही, बॅरलच सांगतं. रायफल शिकंज्यात लाकूड-रबर लावून पकडा. सुरुवातीचे दोन शॉट सोडून द्या, कारण रायफल पडून राहिली की रेग्युलेटरमधला (प्रत्येक शॉटला हवेचा दाब सारखा ठेवणाऱ्या भागातला) दाब सरकलेला असतो. मग प्रत्येक बॅचचे 10 शॉट एका कार्डावर. व्हर्नियरने बाहेरून बाहेर माप घ्या आणि त्यातून 4.5 वजा करा. एका कार्डावर विश्वास ठेवू नका, निदान तीन मारा. जमलेल्या बॅचचे डबे एकदमच घ्या. पाचशेचा डबा रोज 80 शॉटांना आठवडाभरही पुरत नाही.

पैसे उरले तर क्रोनोग्राफ, म्हणजे गोळीचा वेग मोजायचं यंत्र, घ्या, वजनकाट्याआधी. वेग 3 मीटर प्रतिसेकंदाने हलला तर 10 मीटरवर गोळी 0.6 मिमी वरखाली होते, म्हणजे 0.2 गुणांहून जास्त. रेग्युलेटर किंवा सील बिघडतंय हे असं आधीच कळतं.

हवा भरताना घाई करू नका. रायफलचा 200 बार दाबाचा सिलिंडर भरभर भरला की तापतो, आणि गार झाल्यावर दाबमापकाचा काटा 10-15 बार खाली येतो. हातपंप असेल तर ओलावा अडवणारा फिल्टर हवाच, नाशिकच्या जुलै-ऑगस्टच्या हवेत तर नक्की. जोडाला साधं तेल लावू नका, फक्त सिलिकॉन ग्रीस. आणि सातपूर-अंबडच्या औद्योगिक भागात वेल्डिंगचा ऑक्सिजन सहज मिळतो म्हणून तो कधीही भरू नका, स्फोट होतो. सिलिंडरवर कोरलेली तारीख बघा. सहसा 10 वर्षांची मुदत असते. उन्हात उभ्या गाडीत सिलिंडर ठेवू नका.

पेलेट अडवायचा डबा विकत आणण्यापेक्षा फॅब्रिकेशनवाल्याकडून करून घ्या. 3 मिमी लोखंडी पत्रा, 45 अंशात, वरची कड नेमबाजाकडे, म्हणजे पेलेट खाली ट्रेमध्ये पडतं. पत्रा उलटा झुकला तर तुकडे वर उडतात. मागे मीटरभर लांब-रुंद 18 मिमी प्लाय लावा. टार्गेटचा मध्य जमिनीपासून 1.40 मीटरवर, आणि त्यावर 1500 लक्स तरी उजेड. लुकलुकणारा स्वस्त एलईडी नको, मोबाइलच्या स्लो मोशनमध्ये तो लगेच ओळखू येतो.

फ्लॅटमध्ये 10 मीटर आणि मागे उभं राहायला दीड-दोन मीटर सरळ रेषेत क्वचितच मिळतात. हॉल-पॅसेज-बेडरूम अशी रेषा जमत असेल तर त्या रेषेत उघडणाऱ्या बाजूच्या सगळ्या दारांना कडी लावा. गच्चीवर कठड्याबाहेर जाईल अशा दिशेने एकही शॉट नको.

ट्रेमधलं शिसं झाडूने झाडू नका, धूळ उडते. ओल्या फडक्याने पुसा, फडकं वेगळं ठेवा, आणि चहाचा कप उचलण्याआधी गार पाण्याने साबण लावून हात धुवा.