पोलीस दारात कशाला आले होते?

‘पोलिसांवर विश्वास आहे का?’ असं विचारलं की बहुतेक जण ‘आहे की’ म्हणून मोकळे होतात. त्यातून प्रश्न पारावर चारचौघांत विचारला आणि शेजारी पोलीस पाटील बसलेले असले, तर दुसरं उत्तर कोण देणार? त्यापेक्षा विचारावं, पोलीस तुमच्या दारात शेवटचे आले ते कशासाठी?

सोसायटीत ते पासपोर्टच्या पडताळणीला आलेले असतात, चहाही होतो. पारध्यांच्या पालावर ते येतात आसपास कुठे घरफोडी झाली म्हणून, तेही पहाटे. 1871 च्या कायद्यापासून लागलेला गुन्हेगार जमातीचा शिक्का 31 ऑगस्ट 1952 ला कागदावरून पुसला गेला. संशयिताची यादी काढताना मात्र अजून तीच नावं आधी आठवतात.

मध्यमवर्गाची नाराजी वेगळी, ती ठाणे अंमलदाराच्या टेबलापाशी जमते. मोबाइल खिशातून मारलेला असतो, कागदावर शब्द येतो ‘गहाळ’. नव्या सिमसाठी तेवढं पुरतं, पण गुन्हा दाखल होत नाही आणि हद्दीतला चोरीचा आकडाही वाढत नाही (गोम इथेच आहे). सही करण्याआधी तो एक शब्द वाचावा. ‘चोरी’ लिहायला नकार मिळाला, तर भारतीय नागरिक सुरक्षा संहितेच्या कलम 173 प्रमाणे तक्रारीचा मजकूर पोस्टाने पोलीस अधीक्षकांना पाठवता येतो, तिथेही दाद लागली नाही तर दंडाधिकाऱ्यांकडे अर्ज. एफआयआरची प्रत फुकट मिळते. हे वकिलाच्या घरात माहीत असतं. नाक्यावरचा मजूर ‘गहाळ’चा कागद घडी घालून खिशात ठेवतो.

बायकांचं निराळंच. साक्षीदार म्हणून जबाब घ्यायचा तर कलम 179 नुसार पोलिसांनी तिच्या राहत्या घरी जायचं असतं. ती स्वतःहून तयार असेल तरच ठाण्यात. हे तिला सहसा कुणी सांगत नाही. ‘ठाण्याची पायरी नको’ म्हणत घरचेच तिला गप्प करतात.

मत बदलतं, पण भेटीचं कारण बदललं तर. भिवंडीत 1984 ला मोठी दंगल झाली होती. 1988 नंतर तिथले पोलीस उपायुक्त सुरेश खोपडे यांनी मोहल्ला कमिट्या बसवल्या. हिंदू, मुसलमान आणि पोलीस गल्लीतल्या किरकोळ तंट्यांसाठीही एकत्र बसू लागले. 1992-93 ला मुंबई पेटली, तेव्हा भिवंडी शांत होती.